पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांच्या सेवानोंदी

पहिल्या महायुद्धात (१९१४–१९१८) ब्रिटिश भूदलात अधिकारी असलेल्या व्यक्तींची नेमणूक, बढती, बदली, आजारपण, जखमा, पदके, कैद किंवा मृत्यू यांविषयीच्या शासकीय कागदपत्रांना सेवानोंदी म्हणतात. उपलब्ध नोंदींपैकी बहुतेक लंडनच्या क्यू भागातील नॅशनल आर्काइव्ह्ज या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. अधिकाऱ्यांची मुख्य सेवापत्रके १९४०मध्ये नष्ट झाल्यामुळे एखाद्याचे लष्करी चरित्र एकाच दस्तऐवजावरून कळत नाही. निरनिराळ्या दप्तरांतील नोंदी एकमेकींशी ताडून ते उभे करावे लागते.

मुख्य नोंदींचा नाश

सप्टेंबर १९४०मध्ये जर्मन विमानांच्या बाँबहल्ल्यात लंडनच्या वॉलवर्थ भागातील आर्नसाइड स्ट्रीट येथील युद्ध कार्यालयाच्या कोठारास आग लागली. शिपाई व बिनसनदी हुद्देदारांच्या नोंदींपैकी सुमारे ६० टक्के या आगीत जळाल्या. अधिकाऱ्यांची मुख्य सेवापत्रकेही भस्मसात झाली. वाचल्या त्या त्यांच्याविषयीच्या पत्रव्यवहाराच्या पूरक फाइली. त्यांतूनही अनावश्यक वाटलेले कागद आधीच काढून टाकण्यात आले होते. त्यामुळे एखादी फाइल शेकडो पानांची, तर दुसरी दोन-चार पानांची आढळते. फाइलीच्या जाडीवरून अधिकाऱ्याच्या कामगिरीचा अंदाज बांधता येत नाही.

उपलब्ध फाइली

शिल्लक राहिलेल्या फाइलींची संख्या दोन लाखांहून अधिक आहे. त्या प्रामुख्याने दोन मालिकांत विभागल्या आहेत. ‘डब्ल्यूओ ३३९’ या मालिकेत नियमित सैन्यातील व युद्धकाळात तात्पुरते कमिशन मिळालेल्या अधिकाऱ्यांच्या, तर ‘डब्ल्यूओ ३७४’मध्ये मुख्यतः टेरिटोरियल फोर्सच्या अधिकाऱ्यांच्या फाइली आहेत. ३१ मार्च १९२२ नंतरही सेवेत राहिलेल्यांच्या फाइली संरक्षण मंत्रालयाने स्वतःकडे ठेवल्या होत्या. म्हणून त्या या मालिकांत सापडत नाहीत.

अशा फाइलीत कमिशनसाठीचा अर्ज, वैद्यकीय मंडळाचे अहवाल, रजेविषयीची पत्रे आणि मृताच्या मालमत्तेच्या निरवानिरवीचे कागद असू शकतात. शत्रूच्या कैदेतून परतलेल्या अधिकाऱ्यास आपण कोणत्या परिस्थितीत पकडले गेलो याचे लेखी निवेदन द्यावे लागे. ते निवेदनही काही फाइलींत मिळते.

इतर साधने

* लंडन गॅझेट : या शासकीय राजपत्रात कमिशन, बढती, राजीनामा व शौर्यपदके जाहीर होत.
* आर्मी लिस्ट : अधिकाऱ्यांची हुद्दा व पलटणीनुसार छापलेली यादी.
* युद्धदैनंदिनी : प्रत्येक पलटणीने मोहिमेवर असताना रोज लिहिलेली नोंद (‘डब्ल्यूओ ९५’). हिच्यात अधिकाऱ्यांचे येणे-जाणे व जखमी होणे अनेकदा नावानिशी येते. शिपायांची मात्र बहुधा संख्याच दिलेली असते.
* पदकपत्रे : मोहीमपदकांसाठी तयार केलेली निर्देशपत्रे (‘डब्ल्यूओ ३७२’). शिपायांना ही पदके आपोआप मिळत, अधिकाऱ्यास मात्र अर्ज करावा लागे. म्हणून पदकपत्र न सापडणे हा संबंधित अधिकारी रणांगणावर नसल्याचा पुरावा ठरत नाही.

नोंदींचा अर्थ लावताना

‘तात्पुरते’ कमिशन म्हणजे युद्धकाळापुरते कमिशन होय; त्यात कमीपणाचा अर्थ नाही. ‘कार्यकारी’ हुद्दा विशिष्ट पदावर असेपर्यंतच टिके. त्यामुळे राजपत्रात कॅप्टन असलेला अधिकारी पुढे पुन्हा लेफ्टनंट दिसला, तर त्याला शिक्षा झाली असा निष्कर्ष काढता येत नाही. तसेच राजपत्राची तारीख ही घटनेची तारीख नसते; दोहोंत अनेक महिन्यांचे अंतर असू शकते.

उदाहरण : विल्फ्रेड ओवेन

इंग्रजी युद्धकवी विल्फ्रेड ओवेन (१८९३–१९१८) यांच्या चरित्रात या अडचणी स्पष्ट दिसतात. ओवेन ऑक्टोबर १९१५मध्ये आर्टिस्ट्स रायफल्समध्ये दाखल झाले. जून १९१६मध्ये त्यांना मँचेस्टर रेजिमेंटमध्ये सेकंड लेफ्टनंटचे कमिशन मिळाले. १९१७मध्ये युद्धजन्य मानसिक आघातामुळे त्यांच्यावर एडिंबराजवळील क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात उपचार झाले. ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, युद्धविराम आठवड्यावर आला असताना, साँब्र–वाझ कालव्यावर ते मारले गेले.

ऑक्टोबर १९१८च्या आरंभी जाँकूर येथील लढाईत कंपनीचा प्रमुख जखमी झाल्यावर ओवेन यांनी नेतृत्व हाती घेतले. त्याबद्दल त्यांना मिलिटरी क्रॉस मिळाला. मात्र हे पदक राजपत्रात फेब्रुवारी १९१९मध्ये आणि त्यामागील कामगिरीचे वर्णन जुलै १९१९मध्ये, म्हणजे दोन्ही त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले.

या वर्णनाचे दोन पाठ आहेत. त्यांचे बंधू हॅरल्ड ओवेन व जॉन बेल यांनी १९६७मध्ये संपादित केलेल्या पत्रसंग्रहातील पाठानुसार ओवेन यांनी शत्रूची मशीनगन काबीज केली आणि अनेक सैनिकांना कैद केले. अधिकृत पाठात मात्र काबीज केलेली मशीनगन त्यांनी स्वतः चालवून शत्रूची मोठी हानी केली असे म्हटले आहे. चरित्रकार डॉमिनिक हिबर्ड यांनी या फरकाकडे लक्ष वेधले. आईला लिहिलेल्या पत्रात ओवेन यांनी स्वतः भर दिला आहे तो कैदी पकडण्यावर. युद्धाची करुणा हा ज्यांच्या कवितेचा विषय, त्या कवीच्या हातून किती माणसे मारली गेली हा प्रश्न गौण नाही. अधिकृत कागद सैन्याने काय म्हटले ते निश्चित सांगतो; रणांगणावर काय घडले हे ठरवण्यासाठी तो इतर पुराव्यांच्या शेजारी ठेवूनच वाचावा लागतो.

ब्रिटिश भारतीय सेना

भारतीय सेनेतील ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या नोंदी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिस दप्तरात आहेत. सुभेदार, जमादार इत्यादी भारतीय अधिकाऱ्यांचे कमिशन व्हाइसरॉयचे असल्याने त्यांचा शोध वेगळ्या मार्गाने घ्यावा लागतो. त्यासाठी इंडियन आर्मी लिस्ट, युद्धदैनंदिनी व पलटणींचे इतिहास उपयोगी पडतात. शोधताना पलटणीचे तत्कालीन नाव माहीत असणे आवश्यक असते. उदाहरणार्थ, २९ एप्रिल १९१६ रोजी मेसोपोटेमियातील कूत येथे शरण गेलेल्या सैन्यातील ११०वी मराठा लाइट इन्फंट्री १९२२च्या पुनर्रचनेत ५व्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण झाली.

मृतांच्या स्मारकांतही हुद्द्यानुसार भेद झाला. बसरा स्मारकावर भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. त्यांच्या हाताखालील भारतीय सैनिकांची पलटणवार केवळ संख्या देण्यात आली. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने २०२१मध्ये अशा विषमतेची कबुली देऊन माफी मागितली.