जत्रेतला मुका जीव : अशोकाचे लेख आणि आपले सातारा-सांगली

सम्राट अशोकाचे नाव घेतले की आपल्या डोळ्यांसमोर चार सिंह आणि धम्मचक्र येते. बुद्ध जयंतीच्या मिरवणुकीत ते आपण अभिमानाने पुढे ठेवतो. पण अशोकाने दगडावर काय कोरून ठेवले हे वाचायचे मात्र बहुतेकांचे राहूनच जाते. त्याच्या चौदा शिलालेखांपैकी पहिला लेख कशाबद्दल आहे? तो राज्याबद्दल नाही की लढाईबद्दल नाही, तो मुक्या प्राण्यांबद्दल आहे. इथे कोणताही जीव बळी देऊ नये आणि 'समाज' भरवू नये, असे त्यात म्हटले आहे. हा 'समाज' म्हणजे आजच्या अर्थाचा समाज नव्हे. लोक जमायचे, खाणेपिणे व्हायचे, खेळ व्हायचे, तो मेळा. आपल्या बोलीत सांगायचे तर जत्राच.

त्याच लेखात राजाने आपल्या मुदपाकखान्याचा हिशेबही दिला आहे. पूर्वी कालवणासाठी रोज लाखोंनी जीव मारले जात. आता फक्त तीन मारतात, दोन मोर आणि एक हरीण, आणि हरीण तेही रोज नाही. पुढे हेही बंद होतील. एवढा मोठा सम्राट, पण 'मी सगळे सोडले' अशी बढाई मारत नाही, राहिले ते राहिले म्हणून सांगतो. मला त्या लेखातली ही ओळ फार मोलाची वाटते.

आपल्या दोन जिल्ह्यांत अशोकाचा लेख सापडलेला नाही. महाराष्ट्रात सोपाऱ्याला आठव्या लेखाचा तुकडा १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना मिळाला, आणि नवव्याचा १९५६ साली, म्हणजे आपल्या दीक्षेच्याच वर्षी मिळाला. पण धम्म इथे फार जुना आहे. कराडजवळ आगाशिवाच्या डोंगरात लेणी आहेत, आणि मध्य प्रदेशातल्या भारहुत स्तूपाला दान देणाऱ्यांत 'करहाकट' म्हणजे कराडच्या लोकांची नावे कोरलेली आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी इथला माणूस एवढ्या लांब दान पाठवत होता!

राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यावर अशोकाने एक स्तंभलेख कोरला. त्यात मारू नयेत अशा प्राण्यांची यादीच आहे. पोपट, मैना, वटवाघूळ, कासव, साळिंदर, खार अशी नावे येतात. गाभण आणि दूध पाजणारी शेळी, मेंढी, डुकरीण मारू नये. ज्या भुसकटात जीव आहेत ते जाळू नये, आणि उगाच वणवा लावू नये. आपल्याकडे उन्हाळ्यात डोंगर पेटतात तेव्हा हा लेख आठवतो.

पुढच्याच वर्षीच्या सातव्या स्तंभलेखात तो आपल्या कामाचा आढावा घेतो. रस्त्यांच्या कडेला वड लावले, ते जनावरांना आणि माणसांना सावली मिळावी म्हणून, असे तो सांगतो. आधी जनावर, मग माणूस, हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. मग तो म्हणतो की धम्म वाढवण्याच्या दोन वाटा आहेत. एक नियम, म्हणजे कायदा. दुसरी 'निझति', म्हणजे समजावून विचार करायला लावणे. नियमाने थोडेच साधते, समजावण्याने जास्त. ज्याच्या हातात दंड होता तोच हे सांगतो आहे. आपल्याकडच्या जत्रांचा गेल्या काही वर्षांचा इतिहास पाहिला तर हे म्हणणे खरे ठरते का?

वाई तालुक्यातले मांढरदेव घ्या. २५ जानेवारी २००५ ला काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली आणि जवळजवळ तीनशे माणसे गेली. त्या आधी गडावर कोंबडी-बकरी किती कापली जात याला मोजदाद नव्हती. झाडांचेही हाल होते. करणीचे बिबे, लिंबू, काळ्या बाहुल्या खिळ्यांनी खोडावर ठोकत. दुर्घटनेनंतर यात्रेच्या काळात पशुहत्येवर आणि झाडांना खिळे ठोकण्यावर प्रशासन बंदीचे आदेश काढू लागले. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात धर्माच्या रीतीने केलेल्या हत्येला सूट आहे, त्यामुळे हे काम अशा आदेशांवरच चालते. म्हणजे तीनशे जीव गेल्यावर नियम आला. आपल्या घरांतून मात्र जत्रेचा बकरा त्याच्या कितीतरी आधी गेला होता. बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे, आणि १९५६ नंतर आपल्या आयाबायांनी नवस बंद केले ते कोणा कलेक्टरच्या हुकमाने नव्हे.

झाडाचेच निघाले म्हणून सांगतो. मिरज तालुक्यात भोसे गावाजवळ शेकडो वर्षांचा वड होता. रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या कामात तो तुटणार होता. २०२० साली गावकरी आणि वृक्षप्रेमी उभे राहिले, बातम्या झाल्या, मंत्र्यांपर्यंत गोष्ट गेली, आणि झाड राखून रस्ता नेण्याचे ठरले. हे निझतीचेच काम.

बैलगाडा शर्यतीत मात्र उलट घडले. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत शर्यतीचा नाद मोठा. खिल्लार बैल पोटच्या पोरासारखा सांभाळणारे शेतकरी आहेत, हे खोटे नाही. पण त्याच बैलाला मैदानात बॅटरीचा शॉक द्यायचा, खिळ्याची काठी टोचायची, शेपटी पिरगाळायची, हेही होत आले. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या. २०१७ साली राज्याने कायदा बदलला, डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने बदललेला कायदा ग्राह्य धरला. आता शर्यती होतात, नियम कागदावर आहेत. मैदानात ते किती पाळले जातात, हे शर्यतीला जाणाऱ्यांनीच सांगावे.

पण सगळ्यात जास्त विचार करायला लावते ते बत्तीस शिराळा. सांगली जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावी नागपंचमीला जिवंत नागाची पूजा व्हायची. गोष्ट अशी सांगतात की गोरखनाथ भिक्षेला आले, घरची बाई मातीचा नाग पुजत होती म्हणून तिला उशीर झाला. ते म्हणाले, जिवंत नाग पुजशील का? तिथून प्रथा पडली. गावची तरुण पोरे आधीचे काही दिवस शिवारात बिळे शोधत, नाग धरत, मडक्यात ठेवत. पंचमीला घरोघर पूजा, मग देवीच्या देवळाकडे मिरवणूक. पुढे पुढे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आल्या, मंडळे आली, सर्वांत उंच फणा कोणाचा, सर्वांत लांब नाग कोणाचा, अशा स्पर्धा आल्या. देशभरातून माणसे बघायला येत.

शिराळकर सांगतात, आम्ही दात काढत नाही, सण झाला की नाग जिथला तिथे सोडतो, आणि तो आम्हाला चावत नाही. गारुड्यांच्या तुलनेत ते नाग बरे सांभाळत, हे मान्य केले पाहिजे. तरी बिळातून उकरून काढलेला, मडक्यात कोंडलेला, वाजंत्रीत आणि गर्दीत फणा काढायला लावलेला नाग भीतीने फणा काढतो, भक्तीने नव्हे. दूध हे त्याचे अन्नच नाही.

'चावत नाही' यावरून चंपेय्य जातक आठवते. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात ही कथा रंगवलेली आहे. नागराज चंपेय्य उपोसथ पाळत वारुळावर पडलेला असतो. एक गारुडी त्याला धरतो, गावोगाव नाचवतो, शेवटी वाराणसीच्या राजापुढे खेळ मांडतो. एका फूत्कारात गारुड्याला संपवता आले असते, पण व्रत मोडायचे नाही म्हणून तो सोसतो. त्याची राणी सुमना त्याला शोधत येते आणि राजा त्याला मुक्त करतो. जनावर चावले नाही म्हणजे त्याला ते मान्य आहे असा अर्थ होत नाही, हे त्या कथेत दोन हजार वर्षांपूर्वीच सांगून ठेवले आहे. (नाग लोक आणि नाग साप यांचा घोळ इथे घालू नये. बाबासाहेब नागपूरला बोलले ते नाग लोकांबद्दल.)

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा झाल्यावरही शिराळ्याची मिरवणूक वर्षानुवर्षे चालूच होती. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, आणि २०१४ साली कायद्याची काटेकोर अंमलबजावणी करण्याचा आदेश झाला. तेव्हापासून लोक मातीच्या नागाची आणि तसबिरीची पूजा करू लागले. गावात राग होता, बाजारपेठेचे नुकसान झाले, पिढ्यान्‌पिढ्या बिळे ओळखणाऱ्यांचे कसब वाया गेले असे लोकांना वाटले. हा राग खोटा म्हणून उडवून लावण्यात अर्थ नाही. इथे नियमाने साधले ते मोठे आहे, समजावण्याचे काम मागे राहिले.

आणि ते समजावणे आपल्यासाठी जीवन-मरणाचे आहे. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे मेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. ती कोण? रात्री उसाला पाणी पाजायला गेलेला गडी, अनवाणी भांगलणारी बाई, जमिनीवर झोपलेले पोर. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर एकच लस चालते. पण माणूस दवाखान्याऐवजी मांत्रिकाकडे किंवा देवळात नेला तर लस काय करणार? सापाला देव मानणे आणि दंश झाला की देवाकडे धावणे ही एकाच झाडाची फळे. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ पासून अंधश्रद्धा निर्मूलन समितीतून हेच सांगितले. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला. त्याच वर्षी डिसेंबरात झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू, कुत्रा चावल्यावर माणसाला औषधोपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणे गुन्हा ठरले. नागाला वाचवणारा कायदा आणि नाग चावलेल्याला वाचवणारा कायदा, दोन्हींची मुळे आपल्या या दोन जिल्ह्यांत पोचलेली आहेत, पण शाळेत ती एकत्र कोणी सांगत नाही.

२०२२ च्या दुरुस्तीने नाग वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या रांगेत गेला. २०२५ च्या नागपंचमीला केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने शिराळ्याला २१ नाग पकडण्याची परवानगी दिली, ती फक्त शिक्षणासाठी, खेळ-करमणुकीसाठी नाही अशा अटीवर. बिळे ओळखणाऱ्या हातांना यातून सर्पमित्राचे काम मिळते, की मागच्या दाराने जुनी मिरवणूक परत येते, ते पुढच्या श्रावणांत दिसेल. शिराळा काही लांब नाही, आपल्यापैकी कितीकांची सोयरीक त्या तालुक्यात आहे. पंचमीला पाहुणे म्हणून गेलात तर त्या नागाच्या मडक्याजवळ उभे राहून पोराबाळांना चंपेय्याची गोष्ट सांगायला हरकत नाही.