नारू गेला, जंत राहिले

माझ्या लहानपणी मराठवाड्यात नारू होता. पायातून निघालेला दोरा काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळायचा. तुटला तर पाय सुजून माणूस खाटेवर. औषध नव्हतेच. पायऱ्यांच्या विहिरींतले पाणी फडक्यातून गाळा, हातपंपाचे प्या, एवढाच उपाय. त्यावरच तो हटला. १९९६ मध्ये जोधपूर जिल्ह्यात शेवटचा रुग्ण सापडला, २००० मध्ये देश नारूमुक्त ठरला.

जंतांचे उलटे. औषध आहे. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळांत अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी चावायला देतात. ती पोटातले जंत मारते, मातीतली अंडी नाही. न धुतलेल्या हातांवाटे ती पुन्हा पोटात जातात. त्या दिवशी छत्रपती संभाजीनगरच्या शाळांतून गोळ्यांची मोजदाद होते. मला विचारावेसे वाटते, नळाला पाणी आहे का?