नागपूर : खुला व्यापार आणि खासगीकरण

१९९१ नंतरच्या आर्थिक उदारीकरणाने नागपूर शहर व जिल्ह्यात घडवलेला बदल. परवानामुक्त उद्योग, ‘मिहान’ प्रकल्प, पाणी-वीज-विमानतळ यांसारख्या सेवांत खासगी कंपन्यांचा प्रवेश आणि कापूस-संत्र्याचा खुला व्यापार ही त्याची प्रमुख अंगे होत.

पार्श्वभूमी : खासगी भांडवल नागपूरला नवे नव्हते. १८६७ मध्ये रेल्वे आली आणि दहा वर्षांनी, १ जानेवारी १८७७ रोजी, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. कापूस पिकतो त्याच मुलखात गिरणी काढायची, हा टाटांचा हिशेब अचूक ठरला. शतकभरानंतर मात्र गिरणी डबघाईला आली. १९८६ मध्ये ती राज्य वस्त्रोद्योग महामंडळाने चालवायला घेतली, पण २००२ मध्ये कायमची बंद पडली. तिच्या जागेवर पुढे मॉल उभा राहिला.

उदारीकरणाशी जिल्ह्याचा राजकीय संबंधही जवळचा आहे. पी. व्ही. नरसिंह राव १९८४ व १९८९ मध्ये रामटेकमधून लोकसभेवर निवडून गेले होते. ते पंतप्रधान झाल्यावर २४ जुलै १९९१ रोजी नवे औद्योगिक धोरण आणि डॉ. मनमोहन सिंग यांचा अर्थसंकल्प एकाच दिवशी संसदेत मांडले गेले. १८ उद्योग वगळता औद्योगिक परवान्याची अट रद्द झाली.

मिहान : हिंगणा आणि बुटीबोरी या औद्योगिक वसाहतींच्या जोडीला नागपूरने मोठे स्वप्न पाहिले ते मालवाहतुकीचे आंतरराष्ट्रीय केंद्र होण्याचे. देशाच्या मध्यावर असलेले स्थान हे त्यामागचे भांडवल. २००२ मध्ये महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली आणि विमानतळालगत विशेष आर्थिक क्षेत्र आखले गेले. हाच मिहान प्रकल्प. टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल, ल्युपिन अशा कंपन्या आल्या. बोइंगने उभारलेले विमान देखभाल-दुरुस्ती केंद्र २०१५ मध्ये सुरू झाले. दसाँ व रिलायन्सच्या संयुक्त कारखान्याची पायाभरणी ऑक्टोबर २०१७ मध्ये झाली. तेथे फाल्कन विमानांचे भाग बनतात. शिकलेल्या वैदर्भीय तरुणांपुढे पूर्वी पुणे-बंगळूर हाच रस्ता होता. आता त्यांच्यातल्या काहींना तरी गावातच काम मिळू लागले. मात्र प्रकल्पाची गती घोषणांच्या मानाने मंद राहिली आणि शिवणगाव, खापरी परिसरात जमिनी गेलेल्यांचे मोबदला व पुनर्वसनाचे प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळले.

सेवांचे खासगीकरण : या बाबतीत नागपूर देशभर अभ्यासले गेले ते पाण्यामुळे. २००७ मध्ये धरमपेठ विभागात चोवीस तास पाण्याचा पथदर्शी प्रयोग झाला. मार्च २०१२ पासून संपूर्ण शहराचा पाणीपुरवठा २५ वर्षांसाठी ऑरेंज सिटी वॉटर या कंपनीकडे गेला. फ्रान्सची व्हिओलिया आणि नागपूरची विश्वराज या तिच्या भागीदार. एवढ्या मोठ्या शहराचा पूर्ण पुरवठा खासगी कंपनीकडे देणारे नागपूर हे देशातले पहिले शहर मानले जाते. जलवाहिन्या व जलशुद्धीकरण केंद्रांची मालकी मात्र महापालिकेकडेच राहिली आणि पाण्याचे दर ठरवण्याचा अधिकारही तिच्याकडेच राहिला. पाच वर्षांत सर्वांना चोवीस तास पाणी, हे उद्दिष्ट मुदतीत साधले नाही. वाढीव बिलांवरून आंदोलनेही झाली.

विजेची गोष्ट वेगळी. महावितरणने २०११ मध्ये सिव्हिल लाइन्स, महाल व गांधीबाग या विभागांसाठी स्पॅन्को कंपनीला वितरण फ्रँचायझी नेमले. पुढे हे काम एसएनडीएल या कंपनीकडे आले. ठरलेल्या दराने महावितरणकडून वीज घ्यायची, गळती व चोरी कमी करून नफा कमवायचा, अशी योजना होती. करार १५ वर्षांचा होता, पण आर्थिक ताण आणि थकबाकीमुळे कंपनीने हात टेकले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये महावितरणने कारभार परत घेतला.

विमानतळाचा प्रश्न न्यायालयात गेला. जीएमआर कंपनीला दिलेले विमानतळाचे काम २०२० मध्ये रद्द करण्यात आले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये कंपनीच्या बाजूने निकाल दिला, २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला आणि प्रत्यक्ष करार ऑक्टोबर २०२४ मध्ये झाला.

शेतमाल : खुल्या बाजाराची कठोर बाजू शेतकऱ्याने अनुभवली. १९७२ पासूनच्या एकाधिकार कापूस खरेदी योजनेने राज्याबाहेर कापूस विकण्यास मज्जाव केला होता. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने बाजारस्वातंत्र्याची मागणी लावून धरली ती याच अनुभवातून. पुढे निर्बंध सैल झाले, पण आयातीचा दरवाजाही उघडला. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरील ११ टक्के आयातशुल्क स्थगित केले आणि ही सवलत नंतर डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. नवा कापूस बाजारात येण्याचा हाच काळ. संत्र्याचे दुखणे उलट दिशेने आले. बांगलादेश हा नागपुरी संत्र्याचा सर्वांत मोठा परदेशी ग्राहक. त्या देशाने २०१९ पासून आयातशुल्क वाढवत नेले आणि निर्यात घसरली.

मूल्यमापन : उदारीकरणाने नागपूरला कारखाने, कार्यालये आणि नवे मार्ग दिले, हे निर्विवाद आहे. पण खासगी कंपनी आली म्हणून सेवा आपोआप सुधारत नाही. कराराच्या अटी आणि लोकनियुक्त संस्थेची देखरेख भक्कम असावी लागते. शहरातल्या ग्राहकाला महापालिकेत दाद मागता येते. कापूस आणि संत्रा उत्पादकाचे नशीब मात्र दिल्ली व ढाक्यात ठरणाऱ्या शुल्कावर अवलंबून आहे आणि त्याला संरक्षण देणारे स्थिर व्यापार धोरण अद्याप आखले गेलेले नाही.