मिरची : आनुवंशिक विविधता आणि रोगप्रतिकारक वाण

मिरची ही सोलॅनेसी कुलातील कॅप्सिकम प्रजातीची वनस्पती असून वांगी, टोमॅटो व बटाटा ही तिची भावंडे होत. मूळची ती मध्य व दक्षिण अमेरिकेतील. सोळाव्या शतकात ती पोर्तुगीजांबरोबर गोव्याच्या किनाऱ्यावर उतरली. लागवडीखाली तिच्या पाच जाती आहेत : ॲन्युअम, फ्रुटेसेन्स, चायनेन्स, बॅकॅटम व प्युबेसेन्स. ब्याडगी, संकेश्वरी आणि ढोबळी या दिसायला व चवीला इतक्या वेगळ्या मिरच्या ॲन्युअम या एकाच जातीतल्या. ईशान्य भारतातील भूत झोलोकिया मात्र मुख्यतः चायनेन्समध्ये मोडते.

मिरचीत गुणसूत्रांच्या 12 जोड्या असतात. तिचा जनुकसंच 2014 मध्ये उलगडला. तो टोमॅटोच्या सुमारे चौपट भरतो, पण ही वाढ बहुतांशी पुनरावृत्त डीएनएची आहे. तिखटपणाची कळ दुसऱ्या गुणसूत्रावरील पन-1 या जनुकात आहे. त्याचा तुकडा गळाल्यामुळे ढोबळी मिरचीत कॅप्सेसिन तयार होत नाही.

रोगप्रतिकारक्षमता इतकी सरळ नाही. मोझॅइक रोग करणाऱ्या टोबॅमो विषाणूंविरुद्धच्या ‘एल’ जनुकाचे चार प्रकार वेगवेगळ्या जातींतून मिळाले. एकेक प्रकार वापरात आला, तसतसे त्याला पुरून उरणारे विषाणूही पुढे आले. पोटी गटातील विषाणूंविरुद्धच्या प्रतिकाराचा मार्ग निराळा. त्यांना वाढण्यासाठी झाडातलेच एक प्रथिन लागते आणि बदललेल्या जनुकामुळे ते त्यांच्या कामाचे राहत नाही. हा गुण अप्रभावी असल्याने संकरित वाणाच्या दोन्ही पालकांत तो असावा लागतो, आणि पैदासकाराचे काम दुप्पट होते. मूळकूज करणाऱ्या फायटोफ्थोराविरुद्ध मेक्सिकोतील ‘क्रिओयो दे मोरेलोस 334’ हा वाण जगभर पालक म्हणून वापरला जातो; 2014 मध्ये कोरियन संशोधकांनी जनुकसंच वाचला तो याच वाणाचा.

भारतात सर्वांत जाच चुरडा-मुरडा (बोकड्या) आणि फळकुजीचा. चुरडा-मुरडा हे एकाच रोगाचे नाव नव्हे. फुलकिड्यांमुळे पाने वर वळतात, कोळ्यांमुळे खाली, आणि पांढरी माशी पसरवते तो पर्णगुच्छ विषाणू वेगळाच. म्हणून ‘चुरडा-मुरड्याला प्रतिकारक’ असे वाणाच्या पाकिटावर छापले असले, तरी नेमका कशाला, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही. फळकुजीविरुद्धची चांगली प्रतिकारक्षमता बॅकॅटममध्ये आढळते. पण ॲन्युअमशी तिचा संकर केल्यास गर्भ बहुधा बीजातच मरतो. अशा वेळी चायनेन्सचा पूल म्हणून उपयोग होतो किंवा गर्भ प्रयोगशाळेत वाढवावा लागतो. पुढे मूळ वाणाशी पुन्हापुन्हा संकर करत नकोसे गुण गाळावे लागतात, कारण बाजार रंग, लांबी, साल आणि तिखटपणा पाहतो. प्रतिकारक पण बेढब फळ कोणी घेत नाही. अनेक आश्वासक वाण शेतापर्यंत पोचत नाहीत त्याचे मोठे कारण हेच असावे.

फूल लहान, त्यातले परागकोश हाताने काढणे खर्चिक; त्यामुळे संकरित बियाण्यासाठी नर-वंध्य झाडे सोयीची ठरतात. पेशीद्रव्यातील नर-वंध्यत्वाची नोंद पीटरसन यांनी 1958 मध्ये केली, ती भारतातून अमेरिकेत गेलेल्या एका नमुन्यात. परदेशी संकरांच्या मुळाशी इथले बी आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने जनुकीय नर-वंध्यत्व वापरून ‘सीएच-1’ हा संकर काढला.

मिरचीत परपरागीभवनही बरेच होते. मधमाश्या पराग दुसऱ्या शेतात नेतात. घरचे देशी बी शुद्ध राखायचे तर आजूबाजूला दुसरा वाण नसावा. संकरित वाणाच्या फळांतले बी मात्र पुढील हंगामासाठी राखू नये, कारण दुसऱ्या पिढीत गुण फुटतात आणि प्रतिकारक्षमता सर्व झाडांत सारखी उतरत नाही.