उडणाऱ्याचं नाव-गाव

पतंगाला आपण खेळणं म्हणतो, पण कायद्याने त्याला विमानांच्या पंगतीत बसवलं होतं. १९३४ सालच्या विमान कायद्यात ‘विमान’ या शब्दाची व्याख्या होती. हवेचा आधार घेऊन वर राहणारं कोणतंही यंत्र म्हणजे विमान, असं सांगून पुढे फुगे, हवाई जहाजं आणि ग्लायडर यांच्या जोडीला चक्क पतंगांचंही नाव घेतलं होतं. संक्रांतीला गच्चीवर पतंग काटणाऱ्या पोरांना याची गंधवार्ताही नव्हती. मात्र या ऐसपैस व्याख्येमुळे एक झालं. आज आमच्या खराडीत इमारतींमधून घिरट्या घालणारा ड्रोन त्या कायद्यात अलगद सामावला गेला.

आकाशाला नियम लावण्याची आपल्याकडची गोष्ट त्याहूनही जुनी आहे. १८ फेब्रुवारी १९११ रोजी एका फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून यमुनेपलीकडच्या नैनीपर्यंत साडेसहा हजारांच्या आसपास पत्रं विमानाने नेली. प्रवास जेमतेम दहा किलोमीटरचा. पण त्याच वर्षी सरकारने ‘इंडियन एअरशिप्स ॲक्ट’ केला आणि उडती यंत्रं बनवणं, बाळगणं, वापरणं, विकणं हे सारं नियंत्रणाखाली आणलं. पुढे १९१९ च्या पॅरिस कराराने दोन तत्त्वं पक्की केली. जमिनीवरचं आकाश त्या त्या देशाचं, हे पहिलं. प्रत्येक विमानाची कुठे तरी नोंद हवी आणि ती खूण त्याच्या अंगावर दिसली पाहिजे, हे दुसरं. भारतीय विमानांवर आजही ‘व्हीटी’ ही अक्षरं असतात. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून जुहूला टपाल आणलं, त्या छोट्या पुस मॉथ विमानावरही ती होती.

म्हणजे उडणाऱ्या प्रत्येक वस्तूला दोन प्रश्न विचारायचे, हे शंभर वर्षांपूर्वीच ठरलं. तू कोणाचा? आणि इथे उडायला तुला कोणी सांगितलं?

ड्रोनच्या बाबतीत हे प्रश्न विचारायला आपल्याला जरा वेळ लागला. ७ ऑक्टोबर २०१४ रोजी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एक जाहीर सूचना काढली. नियम तयार होईपर्यंत खासगी व्यक्तींनी ड्रोन उडवू नयेत, असं तिच्यात म्हटलं होतं. बंदी होती, पण बाजारात ड्रोन मिळत होते आणि लग्नाच्या मांडवावर ते सर्रास उडतही होते. पहिली नियमावली १ डिसेंबर २०१८ पासून लागू झाली. मार्च २०२१ मध्ये दुसरी आली. ती फार किचकट आहे अशी ओरड झाली आणि २५ ऑगस्ट २०२१ रोजी सुटसुटीत ‘ड्रोन नियम’ आले. पंचवीस अर्जांचे पाच झाले, बहात्तर प्रकारच्या शुल्कांचे चार झाले. संशोधनासारखे मोजके अपवाद सोडले, तर ड्रोनला ओळख क्रमांक सक्तीचा झाला. त्याचं शुल्क शंभर रुपये ठरलं.

याच नियमांनी आकाशाचे हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन पट्टे केले. हिरव्यात ठरावीक उंचीपर्यंत परवानगी लागत नाही. पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रकांची लागते, लाल पट्ट्यात थेट केंद्र सरकारची. विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत हिरवा पट्टा नाहीच.

इथे खराडीचं वेगळेपण लक्षात घ्या. मुळा-मुठेच्या काठचं हे शेतीचं गाव १९९७ मध्ये महापालिकेत आलं. मग इऑन आयटी पार्क झालं, टोलेजंग इमारती झाल्या. पण लोहगावची धावपट्टी १९३९ पासूनची. ती हवाई दलाची असून प्रवासी विमानंही तीच वापरतात, आणि खराडी तिच्यापासून हाकेच्या अंतरावर. त्यामुळे गच्ची स्वतःच्या मालकीची असली, तरी तिच्यावर ड्रोन उडवण्यासाठी परवानगी घ्यावीच लागते. ड्रोन कितीही हलका असला तरी यातून सुटका नाही. ही परवानगी महापालिकेच्या हातात नाही. पोलीस मात्र तातडीच्या प्रसंगी एखाद्या भागाला एका वेळी ९६ तासांपर्यंत लाल पट्टा ठरवू शकतात.

काही जणांना हा सगळा सरकारी जाच वाटतो. त्यांच्यासाठी आपल्याच जिल्ह्यातली दोन उदाहरणं सांगतो. पुरंदर तालुक्यात मल्हारगडाच्या पायथ्याशी सोनोरी गाव आहे. गावठाणांच्या मोजणीची ‘स्वामित्व’ योजना २०२० मध्ये सुरू झाली, त्याच्या आधीच सोनोरीच्या घरांवरून मोजणीचे ड्रोन फिरले होते. ते कोणाचे आणि कशासाठी, हे गावाला ठाऊक होतं. भूमी अभिलेख विभागाचं काम होतं आणि त्यातून घराच्या मालकीचा कागद मिळणार होता. दुसरं उदाहरण २०२४ च्या पावसाळ्यातलं. शिरूर, आंबेगाव, जुन्नर भागात रात्री ड्रोन दिसू लागले. चोर टेहळणी करताहेत, अशी आवई उठली आणि गावकरी काठ्या घेऊन रात्री जागू लागले. यंत्र तेच, पण एकाला नाव-गाव होतं आणि दुसऱ्याला नव्हतं.

मला वाटतं, नोंदणीचं मोल इथे आहे. ती उडवणाऱ्यापेक्षा खाली उभ्या असलेल्या माणसासाठी आहे. दहाव्या मजल्याच्या खिडकीत कपडे वाळत घालणाऱ्या बाईला, अंगणात झोपलेल्या म्हाताऱ्याला, हे वर कोण आलंय, हे विचारण्याचा हक्क आहे. अर्थात विमानाच्या पंखावरची अक्षरं खालून दिसतात, ड्रोनवरचा इवलासा क्रमांक दिसत नाही. ही उणीव आहेच. तो आकाशात असताना आपण फार तर ११२ ला फोन करू शकतो.

ड्रोन जमिनीवर असताना मात्र विचारणं आपल्या हातात आहे. घरच्या लग्नासाठी फोटोग्राफर ठरवताना आपण अल्बमची पानं मोजून घेतो, पैशांची घासाघीस करतो. त्याच बैठकीत ड्रोनचा नोंदणी क्रमांक आणि त्या दिवसाची परवानगीही मागून घ्यावी. चांगला व्यावसायिक त्याचा राग धरणार नाही.