मस्तगड आणि शिक्क्यामागील सत्ता

जालना शहराच्या पूर्वेस असलेला मस्तगड निजामुल्मुल्क आसफजाह याच्या आज्ञेवरून काबिलखानानें इ. स. १७२५ मध्यें बांधविला. चौकोनी तट, कोपऱ्यांस अर्धवर्तुळाकृति बुरूज व आंत दालनांची मोठी विहीर असें त्याचें स्वरूप असून तेथें फारसी शिलालेखहि आहे. या बांधणीचें साल विचार करण्याजोगें आहे. कारण तें शकरखेड्याच्या लढाईच्या लगतचें आहे.

निजाम १७२२ मध्यें महंमदशहाचा वजीर झाला. पण बादशहाच्या मर्जींतील मंडळींशीं त्याचें जमेना, म्हणून तो दिल्ली सोडून दक्षिणेकडे वळला. तेव्हां बादशहानें हैदराबादच्या मुबारिझखानास त्याच्याविरुद्ध आंतून उठविलें. १७२४ मध्यें शकरखेड्यास मुबारिझखान पडला, आणि पुढल्याच वर्षीं बादशहास आपल्याच बंडखोर वजिरास ‘आसफजाह’ हा किताब द्यावा लागला. मस्तगड उभा राहिला तो याच वर्षीं.

राजा व त्याच्या अधिकारास आळा घालणारे यांचा झगडा इंग्लंडांतहि झाला होता. पहिल्या चार्ल्सनें १६२९ पासून अकरा वर्षें पार्लमेंटवांचून राज्य केलें. परंतु स्कॉटलंडच्या युद्धासाठीं पैसा हवा झाला तेव्हां १६४० मध्यें त्यास तें बोलवावें लागलें. १६४२ मध्यें युद्ध जुंपलें व १६४९ मध्यें राजाचा शिरच्छेद झाला. अखेर पार्लमेंटच्या संमतीवांचून पैसा वसूल करणें १६८९ च्या हक्कांच्या कायद्यानें बेकायदा ठरलें. अर्थात् तेथें सत्ता बदलली ती कागदावर नमूद झाली.

दक्षिणेंत याच्या उलट घडलें. येथें राजास अडविणारी सभा नव्हती. एकच सुभेदार होता. वसूल, फौज व नेमणुका त्याच्या हातीं गेल्या. पण कागद जुनाच राहिला. हैदराबादच्या नाण्यांवर १८५७ पर्यंत दिल्लीच्या बादशहाचें नांव पडत होतें.

यावरून दप्तरें व नाणीं जमविणारांनीं एक सावधगिरी बाळगावी. सनदेवरील वा नाण्यावरील नांवावरून त्या मुलखाचा धनी ठरवूं नये. वसूल कोणाकडे भरला, किल्ला कोणाच्या हुकुमानें बांधला, हें आधीं पाहावें. त्या कसोटीस मस्तगडाचा तट हा किताबाच्या फर्मानापेक्षां अधिक भरंवशाचा साक्षीदार होय.