सिकलसेल, खुबा आणि जीवनगुणवत्तेचे मापन (बहरीन)

हाडे-सांध्यांच्या जुनाट आजाराने रोग्याचे रोजचे जगणे किती अडले, हे प्रश्नावलीतून आकड्यांत उतरवण्याची पद्धत. बहरीनमध्ये तिचा कस लागतो तो विशेषतः सिकलसेलच्या रोग्यांत. विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रक्त न मिळालेले हाड मरते. सर्वांत जास्त बळी पडतो तो खुब्यात बसणारा, मांडीच्या हाडाचा गोळा. तो खचला की साठीतली कुरकुर विशी-तिशीतच सुरू होते.

या बेटावर १९८०च्या दशकात शंभरांतली सुमारे दोन बाळे हा आजार घेऊन जन्मत. २००४ साली विवाहपूर्व तपासणी कायद्याने सक्तीची झाली आणि प्रमाण बरेच उतरले. आधी जन्मलेले मात्र आज खुबा सांभाळत जगत आहेत. विदर्भातल्या वाचकाला हे ओळखीचे वाटेल. तिथला आणि बहरीनमधला सिकलसेल बहुतांशी एकाच, अरब-भारतीय जनुकीय प्रकारातला. या प्रकारात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन मोठेपणीही बऱ्यापैकी टिकते, म्हणून रक्तक्षय तुलनेने सौम्य राहतो. हाडांना ती सवलत नाही.

एक्स-रेवर गोळा किती खचला ते दिसते. जिना चढताना काय होते, ते विचारावेच लागते. त्यासाठी ‘एसएफ-३६’मध्ये छत्तीस प्रश्न आणि शून्य ते शंभर गुण आहेत. खुबा-गुडघ्यासाठी कॅनडात घडलेल्या ‘वोमॅक’मध्ये चोवीस: पाच वेदनेचे, दोन आखडण्याचे, सतरा हालचालींचे. सिकलसेलच्या प्रौढांसाठी अमेरिकेत बेतलेल्या ‘अ‍ॅस्क-मी’त वेदना, झोप, मनःस्थिती यांच्या जोडीला आखडलेल्या सांध्यांचा वेगळा विभाग आहे.

अडचण भाषांतरापुरती नाही. वोमॅक पायमोजे चढवण्याबद्दल आणि बाथटबमध्ये उतरण्याबद्दल विचारते. बहरीनमध्ये नमाजाच्या सज्द्यात कपाळ जमिनीला टेकते, मग पाय दुमडून बसावे लागते आणि पुन्हा उठावे लागते. दिवसातून पाच वेळा. खुब्याची याहून कडक परीक्षा कोणती? पुण्याच्या ‘सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेस’लाही हाच पेच पडला आणि तिथे वोमॅकचे भारतीय रूप वापरात आले. मांडी घालणे आणि उकिडवे बसणे ही इथली मापे. डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने १९९६ पासून भिगवणमध्ये घरोघरी सांधेदुखीची पाहणी केली, ती याच केंद्राची.

गुणांकही फसवतो. खुर्चीवर बसून नमाज पढण्याची मुभा आजाऱ्याला असते. ती सवय झालेला रोगी ‘त्रास नाही’वर खूण करतो, खुबा तसाच असतो, फक्त अपेक्षा खाली आलेली असते. म्हणून ‘जमते का?’ याआधी ‘पूर्वी कसे करत होता?’ हे विचारायला हवे.

डिसेंबर २०२३ मध्ये बहरीनने सिकलसेलवरील ‘कॅसजेव्ही’ या जनुकीय उपचाराला मान्यता दिली. ब्रिटनपाठोपाठ असे करणारा तो दुसरा देश. खचून गेलेला गोळा या उपचाराने पूर्ववत होत नाही. त्यावर उपाय खुबा बदलण्याच्या शस्त्रक्रियेचाच.